सातवी गोळी

आमच्या कॉलनीत, म्हणजे जबलपूरच्या विजय नगरात, एक गोष्ट अकरा वर्षांपासून सांगितली जाते. शाळेत सगळ्या मुलांना जंताची गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत आठ वर्षांच्या एका मुलीला फिट आली. गोळी देणारी वर्गशिक्षिका म्हणजे माझी सून. फिट आली हे खरं. गोळी माझ्या सुनेनं दिली हेही खरं. पण त्या चार दिवसांत त्या मुलीच्या पोटात गेलेली ती पहिली गोळी नव्हती, सातवी होती. आधीच्या सहा मी दिल्या होत्या.

एवढं लिहायला मला अकरा वर्षं लागली. आता लिहून राहिलो आहे तर पूर्ण लिहीन.

मुलाला हे पसंत नाही. तो बँकेत आहे. परवा माझ्या खोलीत येऊन दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, अब क्या ज़रूरत है? उद्या कोणी केस टाकली तर?"

"टाकू दे."

"तुमचं वय अठ्ठ्याहत्तर आहे."

"मला माहीत आहे. माझंच आहे ते."

"अन् लायसन्स?"

"दुकान देऊन सहा वर्षं झाली. आता ते लायसन्स काय लोणच्यात घालू?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक अकरा वर्षांपासून म्हणूनच राहिले आहेत. फक्त भलत्या माणसाला."

लोक त्याच्या बायकोबद्दल म्हणत होते, हे त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती.

नेपियर टाउनमध्ये माझं औषधांचं दुकान होतं. चाळीस वर्षं चालवलं. वडील विदर्भातून इकडे नोकरीला आले, मी इथंच शिकलो, फार्मसीची पदविका घेतली. आजूबाजूला इतके दवाखाने, की दिवसभर गिऱ्हाईक उभं. पण अर्धी माणसं चिठ्ठीशिवायच येत. "डॉक्टरसाहब, कुछ दे दो." मी डॉक्टर नव्हतो. पण चाळीस वर्षांत एकालाही मी ते बोलून दाखवलं नाही. औषधाच्या डबीतला तो पातळ, घड्या घातलेला कागद मी भिंग घेऊन वाचत असे. इतर दुकानदार तो फेकून देत. त्या वाचनाचा मला ताठा होता. कोणतं औषध शरीरात कुठे जातं, काय करतं, हे मी शेजारपाजाऱ्यांना रंगवून सांगायचो.

जंताच्या गोळीचंच सांगतो. पुढचं समजायला ते लागेल.

माझ्या लहानपणी जंतावर गोड पातळ औषध मिळे. त्यानं जंत मरत नसे, लुळा पडे. आतड्यात तो प्रवाहाच्या उलट अंग ताणून टिकून असतो. अंगातला ताण गेला की पोटातल्या रेट्याबरोबर बाहेर. आजच्या गोळीची रीत वेगळी. जंताच्या पेशीत फार बारीक नळ्यांची चौकट असते. तिच्या आधारानं त्याचं अन्न इकडून तिकडे पोचतं. गोळी ही चौकट उभीच राहू देत नाही. मग भोवती साखर असूनही जंताला ती घेता येत नाही, आणि दोन-चार दिवसांत तो उपाशी मरतो. अशी चौकट आपल्याही पेशींत आहे, पण औषध जंताच्या चौकटीला जितकं घट्ट धरतं तितकं आपल्या चौकटीला धरत नाही. म्हणून जंत मरतो आणि मूल दुपारी खेळायला जातं.

दुसरी गोष्ट अशी की ही गोळी सहजासहजी रक्तात उतरत नाही. बहुतेक भाग आतड्यातच राहतो, आणि जंत आतड्यात असेल तर तेच हवं असतं. पण गोळी तुपातेलासोबत घेतली तर रक्तात कित्येक पट जाते. यकृत तिचं रूप बदलतं आणि ते बदललेलं औषध अंगभर फिरतं, मेंदूपर्यंत सुद्धा. कधी कधी तेही हवं असतं. काही माणसांच्या मेंदूत जंताची अळी पाण्याच्या बारीक फुग्यासारखी घर करून बसते. ती जिवंत असेपर्यंत शरीराला पत्ता लागू देत नाही. ती मरायला लागली की शरीराला जाग येते. तिथे सूज चढते आणि माणसाला झटके येतात. आतड्यात मेलेला जंत वाटेनं बाहेर पडतो, मेंदूत मेलेल्याला वाट नाही. म्हणून मेंदूचे डॉक्टर आधी सूज आणि झटके आवरायची औषधं सुरू करतात, आणि मग ही गोळी, तुपातेलाच्या जेवणासोबत.

हे सगळं मला त्या दिवशी माहीत होतं. "बिचाऱ्याला काय माहीत" असं कोणी म्हणू नये, म्हणून हे आधी लिहिलं.

ती मुलगी आमच्या समोरच्या घरातली. आईबाप दोघं नोकरीला, सांभाळायची आजी. आजी अमरावतीकडची, मला भाऊ म्हणते, मी तिला वहिनी म्हणतो. एका गुरुवारी संध्याकाळी ती आमच्या व्हरांड्यात आली. नात मागे पदर धरून उभी.

"भाऊ, पोरगी झोपेत दात खाऊन राहिली. जंत झाले हिला. मागच्या वर्षी एक गोळी दिली होती, काही फरक नाही पडला."

"एका गोळीनं काय होतं वहिनी? कोर्स देतो जबर."

"अन् हात झटकते जी मधीच. उजवा. पेन्सिल पडते हातातून. एक मिनिट असं-असं करते," तिनं स्वतःचा हात हलवून दाखवला, "अन् मग चांगली."

मी हसलो. "वहिनी, अभ्यास टाळायचं वय आहे. पेन्सिल नाही तर काय पडेल?"

पोरगीही हसली. ते हसू मला अजून दिसतं. त्या मुलीच्या हाताला मेंदूतून येणारे झटके होते. आजीनं ते मला हातानं करून दाखवले आणि मी त्यावर विनोद केला. तिला डॉक्टरकडे पाठवायला एक वाक्य पुरलं असतं. मेंदूतल्या अळीची शंका मला का आली नाही, याचं कारण आमच्या सगळ्या गल्लीला पटेल असंच होतं. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. हा रोग डुकराच्या मांसातून होतो, मग या घरात कसा येईल? आम्ही सोवळ्या पोटाची माणसं. पण मांसातून आतड्यातला जंत होतो. मेंदूतली अळी त्याच्या अंड्यांतून होते, आणि अंडी न धुतलेल्या कोथिंबिरीवर, मुळ्यावर, कोणाच्याही हातावर असू शकतात. जेवणारा काय खातो हे ती विचारत नाहीत. तेही त्याच कागदांत छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं आणि आपल्या माणसांना लागू नाही म्हणून सोडून दिलं होतं.

घरातल्या कपाटातून मी सहा गोळ्या काढून दिल्या. सकाळ-संध्याकाळ, शुक्र, शनि, रवि. आतड्यातल्या जंताला कोणी इतकं देत नाही. मेंदूतल्या अळीला देतात त्याहूनही त्या वजनाच्या पोरीला ते जास्त होतं.

"गरम पडेल काय भाऊ? तुपात कालवून देऊ?"

आमच्याकडे ही रीतच आहे. जबर औषध गरम पडतं, म्हणून चमचाभर साजूक तुपातून द्यायचं. माझी आईही तसंच देई. तुपानं काय होईल हे त्या व्हरांड्यात मला एकट्यालाच माहीत होतं. मी म्हणालो, "द्या की. चांगलंच आहे."

जाताना वहिनी नातीला म्हणाली, "शाळेत सांगजो नको, जंत झाले म्हणून. पोरी हसतील." आणि मीही पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "हो बेटा, घरातली गोष्ट घरात."

रविवारी जेवताना सून म्हणाली, "बाबा, उद्या शाळेत जंताच्या गोळ्या वाटायच्या आहेत. प्रत्येकाला एकच." मी ऐकलं. तिच्या वर्गात ती पोरगी आहे हे मला माहीत होतं. आणखी एका गोळीनं काय होतंय, असं मनात म्हटलं. तिला सांगितलं असतं तर माझ्या परस्पर औषध देण्यावर ती बोलली असती. ती नेहमी बोलायची. ते बोलणं त्या जेवणात मला नको होतं, एवढंच.

सोमवारी तिनं वर्गात सूचना होती तसं विचारलं, "कोणी आजारी आहे का? घरी कोणतं औषध चालू आहे का?" त्या पोरीनं मान हलवून नाही म्हटलं. दोन मोठ्या माणसांनी तिला तसं शिकवलं होतं. मंगळवारी सकाळी ती रांगेत पडली.

दवाखान्यात मी गेलो होतो, शेजारधर्म म्हणून. मेंदूच्या तपासणीत एक बारीक कडं दिसलं, आत एक ठिपका: सूज आणि तिच्या आतली अळी. डॉक्टरांनी व्हरांड्यात येऊन विचारलं, "घर में और कोई दवा दी थी?" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, दोन श्वास असतील. मग ती म्हणाली, "नाही जी. काहीच नाही."

तिला तिच्या सुनेची भीती होती, मला माझ्या सुनेची. दोघांनी मिळून माझ्या सुनेलाच पुढे केलं.

डॉक्टरांनी मुलीच्या बापाला नीट समजावलं होतं. शाळेतल्या एका गोळीनं सहसा असं होत नाही, अळी आपोआपही मरत असू शकते. बाप फक्त "हम शुद्ध शाकाहारी हैं" एवढंच म्हणत राहिला. आळ कुठेतरी ठेवायला त्याला जागा हवी होती आणि गोळी समोर होती. शाळेत बैठक झाली. पालक ओरडले. मुख्याध्यापकांनी सुनेकडून माफीपत्र लिहून घेतलं. तिचं अक्षर सुरेख आहे. त्या सुरेख अक्षरात तिनं न केलेल्या चुकीची माफी मागितली आणि महिन्याभरात नोकरी सोडली. मुलगी दोन-अडीच वर्षांच्या औषधांनी पूर्ण बरी झाली. सून झाली नाही.

डॉक्टरांचं ते वाक्य मी वर्षानुवर्षं वापरलं. अळी आपोआपही मरत असेल. हात तर आधीपासूनच झटकत होता, म्हणजे सुरुवात माझ्या गोळ्यांच्या आधीची. हे सगळं शक्य आहे. फिट माझ्यामुळेच आली हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तिच्यामुळे आली नाही हे मी तेव्हाच सांगू शकत होतो. आता या आडोशाला मी उभा राहणार नाही.

घरात काय झालं तेही लिहितो. आमच्याकडे औषधांचा एक पत्र्याचा डबा आहे, पूर्वी शंकरपाळ्यांचा होता. त्या दिवसापासून सून त्यातली एकही गोळी स्वतः देत नसे. माझ्या नातीला ताप आला तरी डबा घेऊन माझ्याकडे यायची. "बाबा, ही देऊ का? तुम्ही बघा एकदा." मी चष्मा लावायचो, तारीख वाचायचो, मान हलवायचो, मग ती द्यायची. तिला स्वतःच्या हातांचा भरवसा उरला नव्हता, आणि माझ्या हातांवर तो पूर्ण होता. अकरा वर्षं तो डबा माझ्यापुढे येत राहिला. याहून वेगळी शिक्षा मला कोणी दिली नाही, आणि ही देणारीला ती शिक्षा आहे हे माहीतही नव्हतं.

शाळेत गोळ्या वाटायच्या दिवशी ती नातीला घरी ठेवायची. संमतीच्या कागदावर "नाही" लिहून पाठवायची.

यंदा तो दिवस जवळ आला तेव्हा कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नव्या राहायला आलेल्या बाईनं लिहिलं, बच्चों को मत खिलाइए, इसी कॉलोनी में एक टीचर ने खिला दी थी, बच्ची मरते-मरते बची। खाली पंधरा-वीस आयांचे हात जोडलेले. ती टीचर याच गल्लीत राहते हे त्या बाईला माहीत नसावं. सुनेनं ते माझ्यासमोर वाचलं. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मेथी निवडू लागली. एकेक काडी. मला वाटलं ती काही बोलेल. ती म्हणाली, "बाबा, चहा ठेवू का?"

मी उठून समोर गेलो.

वहिनी आता शहाऐंशीची आहे, कमी ऐकते. मी मोठ्यानं सांगितलं, "वहिनी, मी सांगणार आहे. गोळ्यांचं."

"आता काहून उकरून राहिले भाऊ? दोघं मरायला टेकलो."

"म्हणूनच."

"माझी सून मला जेवायला नाही देणार."

"तुमचं नाव नाही घेत. मी दिल्या एवढंच सांगतो."

तिनं खाटेची दोरी ओढून सोडली. मग एकदम तडकून म्हणाली, "अन् घेतल्या कोणी, देवानं? मोठे आले एकटे पापी व्हायले! तूप माझं होतं. ते मी सांगीन."

"तुपाला हो मी म्हटलं होतं."

"म्हटलं असंल. कालवलं मी."

असे आम्ही दोघं भांडलो, चुकीतला आपापला हिस्सा ओढत. अकरा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात असंच भांडलो असतो तर.

सुनेला मी स्वयंपाकघरात सांगितलं, दुपारी. वर लिहिलं तेच, याच क्रमानं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. संपल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला.

"त्या रविवारी मी जेवताना म्हटलं होतं, उद्या गोळ्या वाटायच्या आहेत. तेव्हा तुम्ही काय केलं?"

"वरणावर तूप घेतलं."

ती हसली. फार वाईट हसू होतं ते. मग म्हणाली, "लिहा. ग्रुपवर. हिंदीत लिहा, सगळ्यांना कळलं पाहिजे. अन् त्यात 'अनजाने में' वगैरे काही टाकू नका."

नाही टाकलं. दुकानदाराची ओळख, सहा गोळ्या, तूप, हाताचे झटके, रविवारचं जेवण, सगळं लिहिलं. आणि शेवटी हेही, की शाळेतली एक गोळी मुलांना द्या. मूल आजारी असेल, झटके येत असतील, औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि शाळेत विचारतील तेव्हा खरं सांगा. गोळीला आणि ती देणाऱ्या बाईला अकरा वर्षं जो डाग लावला, तो माझा होता.

उत्तरं आली. "अंकल जी, आप महान हैं।" मी लिहिलं, नाही आहे, वर पुन्हा वाचा. "इस उम्र में क्यों, अंकल जी?" मी लिहिलं, याआधी हिंमत नव्हती म्हणून. मुलीच्या बापाचा फोन आला. तो जे बोलला ते त्याला बोलायचा हक्क होता. मी फोन कानापासून दूर केला नाही.

मुलगी स्वतः संध्याकाळी आली, स्कूटीवर. आता कॉलेजात आहे. त्या फिटपायी कितीतरी वर्षं तिला साधी सायकल चालवू दिली नव्हती. मी उठून उभा राहिलो. ती म्हणाली, "दादाजी, मला आजीनं सांगितलं सगळं. मुझे आपसे बात नहीं करनी अभी. मॅडम घरात आहेत का?"

"आहेत."

ती चप्पल काढून आत गेली. वर्गात मान हलवून नाही म्हणालेली तीच मुलगी. आत दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. मी व्हरांड्यातच बसून राहिलो. मला बोलावलं नाही, आणि ते योग्यच होतं.

सुनेनं मला माफ केलं असं लिहून मी हा मजकूर गोड करणार नाही. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला वाढते, वरणावर तूप वाढत नाही. मुलगा म्हणतो, हो गया ना, आता कागदावर कशाला? कागदावर अशासाठी, की तिचं माफीपत्र कागदावर आहे. शाळेच्या कुठल्याशा फायलीत ते तिच्या अक्षरात आजही पडून असेल. त्याच्यासमोर माझाही कागद हवा, माझ्या अक्षरात. याची एक प्रत मी त्या शाळेला पाठवणार आहे. मुलानं कितीही डोळे वटारले तरी.

गोळ्या वाटायच्या आदल्या संध्याकाळी नातीनं संमतीचा कागद आणला. नेहमीसारखा तो माझ्याकडे येईल म्हणून सवयीनं मी चष्मा हातात घेतला. सून टेबलाशी बसली. कागद वाचला, मागची बाजूही वाचली. नातीला विचारलं, डोकं दुखतं का, कुठलं औषध घेतलंस का, खरं सांग. मग सही केली आणि कागद दप्तरात ठेवला.

मला विचारलं नाही. मी चष्मा परत खिशात ठेवला.